गाडीचा दम

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात याद्या निघू लागतात. सौ.ची यादी फराळाच्या सामानाची, सूनबाईंची कपड्यांची, नातवाची फटाक्यांची. माझी स्वतःची यादी नसते. या सगळ्या याद्यांची बेरीज करून कपाळाला हात लावणे, एवढेच काम घरातल्या वडीलधाऱ्याकडे उरलेले असते. यंदा मात्र एक चौथी यादी माझ्यासमोर आली. ती चिरंजिवांची होती आणि तीत एकच कलम होते: "रिमॅप, रुपये ३०,०००."

मॅप म्हणजे नकाशा, एवढे इंग्रजी मला येते. मला वाटले, गावाकडच्या शेताची पुन्हा मोजणी निघाली असावी. मी म्हटले, "अरे, मोजणीला एवढे पैसे? आणि बांधाची तक्रार तर कधीच मिटली!"

चिरंजीव हसले. "बाबा, शेताचं नाही, गाडीचं. इंजिनात संगणक असतो ना, त्यात कधी किती डिझेल सोडायचं आणि टर्बोनं किती हवा दाबायची याचे तक्ते भरलेले असतात. ते बदलले की त्याच इंजिनातून वीस-पंचवीस टक्के जास्त ताकद निघते. नागपूरला करून देतात. तासा-दोन तासांचं काम!"

"आणि सध्याची ताकद काय वाईट आहे?"

"गाडीत दमच नाही, बाबा."

वाचकहो, मी रेल्वेत गार्ड म्हणून चाकरी करून निवृत्त झालो. २०२२ पासून गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणू लागले, पण तोवर माझा हिरवा-लाल बावटा घडी घालून कपाटात गेला होता. तेव्हा मी आपला गार्डच. आमच्या मूर्तिजापुरातून यवतमाळकडे ११३ आणि अचलपूरकडे ७६ किलोमीटर अशी शकुंतला नावाची अरुंद रुळांची गाडी धावत असे. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली. मग डिझेल इंजिन आले, आणि आता ती गाडी बंदच पडली आहे. उमेदवारीच्या दिवसांत तिच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरशी माझी गट्टी जमली होती. चढावर इंजिन धापा टाकू लागले की नवखा फायरमन भराभर कोळसा मारू लागे. म्हातारा त्याला थांबवी आणि म्हणे, "आधी वाफ कुठे गळते ते बघ, मग कोळसा टाक." हे वाक्य इतक्या वर्षांनी घरच्या मोटारीसाठी उपयोगी पडेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

चिरंजीव अकोल्याला नोकरीला आहेत. पाळीची नोकरी, वेळीअवेळी जाणे-येणे, म्हणून त्यांनी एक जुनी डिझेल मोटार घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही. इंजिनाचे मात्र सांगतो, कारण सगळे प्रकरण त्याच्याभोवतीच आहे. हे १२४८ सीसीचे इंजिन मूळ इटलीच्या फियाटचे. २००७ पासून ते हिंदुस्थानात इतक्या निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारींत बसले की मोटारींवर लिहिणारे त्याला 'राष्ट्रीय इंजिन'च म्हणू लागले. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही ते बनत असे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम आले आणि नव्या मोटारींतून ते हळूच बाजूला झाले. पण जुन्या बाजारात त्याच्या गाड्या अजून भरपूर, आणि मध्यमवर्गीय माणूस जुन्या बाजारातच भेटतो.

आता टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मलाही ते नुकतेच समजले आहे. लोहाराचा भाता कोणी तरी हाताने हलवावा लागतो. पण समजा, भट्टीतून वर जाणाऱ्या धुरानेच एक चक्र फिरले आणि त्या चक्राने भाता हलवला, तर फुकटात वारा मिळेल की नाही? टर्बो तेच करतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चिमुकले चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा आली की जास्त डिझेल जाळता येते, म्हणून छोटे इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने १९०५ साली याचे पेटंट घेतले. विकत मिळणाऱ्या मोटारीत ते यायला मात्र १९६२ साल उजाडले, आणि तेही अमेरिकेत. हे चक्र मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेते. दिवाळीतल्या भुईचक्राने लाजावे असा हा वेग!

चिरंजिवांच्या हाती एक बिनतोड मुद्दा होता. "बाबा, हेच इंजिन काही गाड्यांत ७५ अश्वशक्ती देतं आणि काहींत ९०. म्हणजे आपल्या गाडीच्या पोटात पंधरा घोडे बांधून ठेवलेत. ते सोडायचे, एवढंच!"

मला उत्तर सुचले नाही. उत्तर सुचले नाही की बाप जे करतो ते मी केले. म्हटले, "दिवाळीनंतर बघू."

पण दिवाळीपर्यंतही थांबावे लागले नाही. एका रविवारी आम्ही दर्यापूरच्या रस्त्याने निघालो होतो. पुढे सरकीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक. रस्ता मोकळा दिसला म्हणून चिरंजिवांनी गाडी बाहेर काढली, पायाखालचे पेडल तळाला टेकवले, आणि गाडी नुसतीच हुंकार देत राहिली. ट्रक बाजूला, समोरून एस.टी. येते आहे, आणि आमची मोटार जागच्या जागी विचार करते आहे! चिरंजिवांनी निमूटपणे गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. आरशातून पाहिले तर मागे काळा धूर. सौ.ने मांडीवरचा डबा घट्ट धरला होता. ती एवढेच म्हणाली, "अहो, खरंच दम नाही हिच्यात."

तेव्हा मुलाची तक्रार हौसेपोटी नव्हती, हे मी मान्य केले. तीस हजारही मान्य केले. अट एकच घातली: नागपूरला जाण्याआधी गाडी आमच्या गावच्या वस्तादाला दाखवायची.

वस्तादाचे गॅरेज म्हणजे कडुलिंबाखाली चार पत्रे. त्याने बॉनेट उघडले, हवेचा फिल्टर बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. फिल्टर कुठला, ती उशीच होती! आमच्याकडे काळ्या मातीची धूळ आणि जिनिंग फॅक्टऱ्यांच्या दिवसांत हवेत तरंगणारी रुई. दोन्हींचा थर बसला होता.

"गार्डसाहेब," वस्ताद म्हणाला, "गाडीले दम नाही म्हन्ता, अन् तिच्या नाकात कापूस कोंबून ठेवला तुमी! मंग ते पयन कशी?"

मग त्याने टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या तपासल्या. वरून त्या धडधाकट दिसत होत्या. त्याने आत दाबाची हवा सोडली आणि बाहेरून साबणाचे पाणी लावले. सायकलचे पंक्चर काढताना येतात तसे बुडबुडे एका वळणापाशी फसाफसा येऊ लागले. बारा वर्षांचे रबर उन्हाने तडकले होते. टर्बो बिचारा हवा दाबत होता आणि ती वाटेतच निसटत होती. हवा कमी आणि डिझेल मात्र पुरेसे, म्हणून तो काळा धूर.

"ताकद वाढवाले नागपूरले कायले जाता?" वस्ताद म्हणाला. "जे हाय तेच अर्धं वाऱ्यावर उडून राह्यलं ना जी!"

मला म्हातारा ड्रायव्हर आठवला. आधी वाफ कुठे गळते ते बघ!

मग चिरंजिवांनी आपला पंधरा घोड्यांचा मुद्दा वस्तादापुढे मांडला. वस्तादाने तो शांतपणे ऐकून घेतला. म्हणाला, ९० अश्वशक्तीच्या गाडीत टर्बोच निराळा असतो. त्याच्या आत हलती पाती असतात, ती धुराचा झोत वेगाप्रमाणे वळवतात. हवा थंड करणारी जाळीही मोठी असते. म्हणजे ते पंधरा घोडे आमच्या गाडीत बांधून ठेवलेले नव्हतेच. ते दुसऱ्याच्या तबेल्यातले होते. नुसते तक्ते बदलून आमच्या लहान टर्बोकडून तेवढे काम घेता येईल, पण त्याचा ताण टर्बोवर, क्लचवर आणि इंजिनाच्या तापमानावर पडेल.

ती हवा थंड करणारी जाळी, तिला इंटरकूलर म्हणतात, हे आमच्या वऱ्हाडात फार महत्त्वाचे प्रकरण आहे. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बाहेरची हवाच १५ अंशांच्या थंड हवेपेक्षा दहा टक्क्यांनी विरळ असते. त्यात जाळीच्या पाकळ्यांत माती आणि रुई बसली तर विचारायला नको. वस्तादाने ती हलक्या धारेच्या पाण्याने धुतली. या सुधारणेचा खर्च एक बादली पाणी.

आता जमाखर्च मांडतो. ज्यांच्या घरी अशीच जुनी टर्बोची गाडी आहे त्यांना उपयोगी पडेल. हवेचा फिल्टर ४५० रुपये. डिझेलचा फिल्टर १,१५०. नवी नळी २,२००. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवरची काजळी साफ करणे आणि सगळ्याची मजुरी मिळून १,२००. इंजिनाचे तेल, पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे, त्याच्या फिल्टरसह २,८००. बेरीज ७,८०० रुपये. तेलाच्या बाबतीत काटकसर करू नये. मिनिटाला लाखांनी फिरणारा तो दांडा तेलाच्या पातळशा थरावरच तरंगत असतो. हमरस्त्यावरून दामटत आल्यावर गाडी लगेच बंद करू नये, मिनिटभर तशीच चालू ठेवावी, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते. ही सुधारणा तर फुकटच आहे.

फुकटातल्या आणखी दोन. वस्ताद शेजारी बसून चिरंजिवांबरोबर एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, चौथ्या गिअरमध्ये सावकाश जाताना एकदम पेडल दाबले तर टर्बो जागा व्हायला वेळ लागतो. इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या आसपास आल्याशिवाय त्याला जोर येत नाही. म्हणून ट्रकच्या मागे असतानाच तिसरा गिअर टाकावा, मग बाहेर पडावे. दुसरी सुधारणा सौ.च्या हातची होती. मागच्या डिकीत गेले चार महिने ज्वारीचे एक पोते आणि आत्याबाईंकडे पोचवायचा पाटा-वरवंटा पडून होता. तो एकदाचा पोचला.

दर्यापूरच्या रस्त्यावर आम्ही पुन्हा गेलो. गाडी रेशमासारखी पुढे निघाली. चिरंजीव काही बोलले नाहीत. पण शीळ घालत होते.

उरले २२,२०० रुपये. चिरंजीव म्हणाले, "आता रिमॅप केलं तर मजा येईल!" इथे मात्र माझ्यातला गार्ड जागा झाला.

रेल्वेत इंजिन ड्रायव्हरचे, पण ब्रेकची चिंता गार्डाची. गाडी सुटण्यापूर्वी तिच्या ब्रेकचा दाखला तयार व्हावा लागतो, त्यावर सह्या व्हाव्या लागतात, आणि गार्डाच्या डब्यातल्या घड्याळात ब्रेकचा दाब पुरेसा दिसला तरच हिरवा बावटा फडकतो. इंजिन किती घोड्यांचे आहे हे मला जन्मभर कोणी विचारले नाही; गाडी थांबेल का, एवढेच विचारले. मी चिरंजिवांना म्हटले, "तुझ्या गाडीच्या ब्रेकचा दाखला दाखव."

वस्तादाने चाके उतरवली. पुढचे ब्रेकपॅड कागदाएवढे उरले होते. ब्रेकचे तेल काळे पडले होते. हे तेल हवेतला ओलावा पीत राहते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे असते. टायर वरून बरे दिसत होते, पण त्यांच्या कडेवरची तारीख वाचली तर ते सात वर्षांचे निघाले. दगडासारखे कडक रबर. गाडी पळते ती इंजिनाने, पण पळणे, वळणे आणि थांबणे हे सगळे घडते ते टायरच्या चार तळव्यांवर, आणि एकेक तळवा आपल्या हाताच्या पंजाएवढाच!

ब्रेकचे तेल ६००, पॅड १,९००, चार नवे टायर १८,४००, चाकांची सरळाई आणि समतोल ९००. १६५/८० च्या जागी त्याच १४ इंची रिमवर १८५/७० बसवले. ते थोडे रुंद, पण उंचीत फरक अवघा पाच मिलिमीटरचा, म्हणून वेगाचा काटा खोटे बोलत नाही. एवढा बदलही आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावा. एकूण खर्च २९,६०० रुपये. राहिलेल्या चारशेंची जिलबी आणली. चिरंजीव जिलबी खाताना जरा हिरमुसले होते, हे मी पाहिले. पण न पाहिल्यासारखे केले.

कोजागिरीनंतरची एक रात्र. अकोल्याहून आम्ही सगळे परत येत होतो. चिरंजीव गाडी चालवत होते, मागे माझ्या मांडीवर डोके ठेवून नातू झोपला होता. आमच्याकडचा हमरस्ता आता प्रसिद्ध झाला आहे. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती-अकोला महामार्गावर एका पट्ट्याचे ७५ किलोमीटर डांबरीकरण अखंडपणे १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. त्या विक्रमी पट्ट्याच्या आगेमागे रस्ता असा गुळगुळीत झाला आहे की वेग कळतच नाही. चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ठरवली आहे. आमचा काटा नव्वदीवर होता. सूनबाई काही तरी सांगत होत्या.

आणि समोर अंधाराचा एक ढीग दिसला.

सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पंक्चर होऊन मधल्या पट्ट्यावरच उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही; चाकाला लावलेला एक धोंडा तेवढा. चिरंजिवांनी ब्रेक दाबला. मी नातवाला दोन्ही हातांनी धरले. गाडी डावी-उजवी न होता सरळ रेषेत थांबत गेली आणि थांबली. ट्रॉली आणि आम्ही यांच्यामध्ये एक मोटार उभी राहील एवढी जागा उरली होती. नातू जागाही झाला नाही.

कोणी काही बोलले नाही. मग चिरंजीव खाली उतरले, मोबाईलचा उजेड दाखवून मागच्या गाड्यांना बाजूने काढू लागले. मीही उतरलो. कपाटातला लाल बावटा त्या वेळी जवळ असता तर बरे झाले असते. ट्रॅक्टरवाला पोरगा विशीतलाही नव्हता. तो आमच्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्याला रागावण्याचे त्राण माझ्यात नव्हते.

घरी आल्यावर मी एक गणित कागदावर मांडले. वेग ८० वरून १०० केला तर तो सव्वापट होतो, पण थांबवताना ब्रेकला झेलावी लागणारी शक्ती दीडपटीहून जास्त वाढते. वेग विकत घेणारा माणूस हे दुसरे बिल पाहतच नाही. ते नंतर येते.

तर मग रिमॅप वाईटच का? तसे मी म्हणणार नाही. चांगल्या जाणकाराने, गाडी निरोगी असताना, बेताने केलेला रिमॅप गाडी खुलवतो, हे वस्तादही कबूल करतो. पण त्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. गाडी कंपनीच्या हमीत असेल तर ती हमी जाण्याचा धोका असतो. विमा कंपनीला असा बदल कळवावा लागतो. न कळवता केला आणि अपघात झाला तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि धूर आवरणारी यंत्रणा काढून टाकून किंवा कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावून जी 'ताकद' मिळते, ती शेजाऱ्याच्या फुप्फुसांतून आणि झोपेतून काढलेली असते. तसल्या ताकदीला आमच्या घरात जागा नाही.

हे सगळे मी चिरंजिवांना जेवताना सांगितले. त्यांनी ऐकले. नागपूरच्या त्या माणसाचे कार्ड अजून त्यांच्या पाकिटात आहे, हे मला ठाऊक आहे. असू दे. पुढच्या वर्षी पैसे साठवून, विमा कंपनीला विचारून, कायद्यात बसत असेल तर त्यांनी खुशाल करावे. तरुण माणसाला थोडी हौस असावी. परवा त्यांनी न सांगता डिकीत एक लाल त्रिकोण आणि एक मोठी बॅटरी आणून ठेवली, तेव्हा माझी अर्धी काळजी मिटली.

उरलेली अर्धी याद्यांची आहे. यंदा सगळ्या याद्यांची बेरीज करताना मला जाणवले, की आपण मध्यमवर्गीय माणसे जन्मभर जास्त ताकदीच्या मागे असतो: पगारवाढ, बढती, मोठे घर, मोठी गाडी. आणि खिशाला पडलेले भोक मात्र कोणी शिवत नाही. हे मी सौ.ला ऐकवले. तिने चकलीच्या सोऱ्यातून मान वर न काढता विचारले, "मग त्या चारशेंची जिलबी कोणी आणली होती?"

वाफ कुठे गळते, ते तिला माझ्याआधीच माहीत होते.